बुकवर्म ते ट्रिक्सी: अडून बसलेले लिबसी६

घरच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म, चालू होती. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, स्थिर आवृत्ती म्हणून आले आणि या आठवड्यात मी पॅकेजेस (प्रोग्राम आणि लायब्ररींचे गठ्ठे) कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलींत आवृत्तीचे नाव बदलून अपग्रेडला हात घातला. पॅकेजेस बसवणाऱ्या अ‍ॅप्टचे अपडेट, म्हणजे याद्या ताज्या करणे, विनातक्रार पार पडले. गरज पडल्यास काही पॅकेजेस काढूनही सगळे नवे करणारे फुल-अपग्रेड दिल्यावर मात्र शेकडो पॅकेजेस मागे ठेवल्याचे सांगून ते थांबले.

कारण कळावे म्हणून गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) हे एकच पॅकेज नावाने मागितले, तेव्हा त्रुटी उघड झाली: गिटला लिबसी६, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ सी लायब्ररी, किमान २.३८ हवी आणि बसणार मात्र २.३६. त्याखाली नेहमीचे वाक्य होते, की तुमच्याकडे होल्डवर ठेवलेली, म्हणजे बदलू नयेत म्हणून अडवलेली, मोडकी पॅकेजेस आहेत. या वाक्याने अनेकांचा वेळ जातो. मीही अशा पॅकेजेसची यादी देणारे अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड चालवून पाहिले, पण त्यात एकही नाव नव्हते. अ‍ॅप्टला तिढा सोडवता आला नाही, इतकाच त्या वाक्याचा अर्थ असतो. कामाची माहिती असते ती वरच्या ओळीत.

ट्रिक्सीत लिबसी६ २.४१ असताना अ‍ॅप्ट २.३६ का धरून बसले, याचे उत्तर आवृत्त्यांचे अग्रक्रम दाखवणाऱ्या अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी या आज्ञेने दिले. २.४१ पुढे ५०० हा नेहमीचा अग्रक्रम होता, तर बसवलेल्या २.३६ पुढे १००१. त्यामुळे कँडिडेट, म्हणजे बसवायची आवृत्ती, म्हणून जुनीच आवृत्ती निवडली जात होती. हजाराच्या वरचा अग्रक्रम इतका प्रबळ असतो की त्यासाठी अ‍ॅप्ट आवृत्ती खाली उतरवायलाही तयार होते. प्रेफरन्सेस.डी या फोल्डरमध्ये दोन वर्षांपूर्वीची माझीच पिन, म्हणजे अग्रक्रम ठरवून देणारी नोंद, सापडली. टेस्टिंग या डेबियनच्या चाचणी-शाखेमधून ध्वनिसंपादनाचा एक प्रोग्राम घेताना लिबसी६ हलू नये म्हणून मी ती लिहिली होती. अशा फाइलीत ‘एक्स्प्लनेशन’ अशी ओळ घालून कारण नोंदवता येते, आणि उरलेल्या पिनांमध्ये मी ती आता घातली आहे.

ती फाइल काढून प्रत्यक्ष बदल न करता काय होईल ते दाखवणारा सिम्युलेटचा पर्याय लावून पुन्हा पाहिले. काढायच्या यादीत लिबएसएसएल३ (सुरक्षित जोडण्यांची लायब्ररी) दिसल्यावर क्षणभर हात थांबला, पण बसवायच्या यादीत लिबएसएसएल३टी६४ होते. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांत वेळ मोजणारा आकडा संपतो. ३२-बिट यंत्रांवर तो ६४ बिटांचा करताना अनेक लायब्ररींच्या नावांना ‘टी६४’ हे शेपूट जोडले गेले आणि ६४-बिट यंत्रांवरही तीच नावे आली. म्हणून ही काढाकाढ म्हणजे केवळ नामांतर आहे, याची एकेक जोडी लावून खात्री केली. त्यानंतर आधी नवी पॅकेजेस न घेता साधे अपग्रेड आणि मग फुल-अपग्रेड, या क्रमाने काम पूर्ण झाले.

बाहेरून आणलेले वंशावळीचे एक पॅकेज अजून लिबआयसीयू७२ (युनिकोड मजकूर हाताळणारी लायब्ररी) वर अवलंबून आहे. ट्रिक्सीत ७६ आहे, आणि आकडा नावातच असल्याने नवे जुन्याची जागा घेऊ शकत नाही. फोर्स लावून डीपीकेजीचे (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रामचे) तोंड बंद करणे मला मान्य नाही. जुनी लायब्ररी सध्या राहू दिली आहे, पण ट्रिक्सीच्या सोर्सेसमधून तिला आता सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत. म्हणून तो प्रोग्राम मूळ सोर्स कोडपासून ७६ वर बांधायला घेतला आहे.