तोगित्सुच्या काठावरून निशिझाकाच्या टेकडीपर्यंत

वसईचे संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 च्या सकाळी तोगित्सुहून नागासाकीच्या निशिझाका टेकडीपर्यंत चालले, ते क्रूसावर मरण्यासाठी. अंतर सुमारे 12 किलोमीटर. आपल्याकडची माणसं बसने थेट टेकडीवर जातात, स्मारकासमोर फोटो काढतात आणि परततात. आमचं कळकळीचं सांगणं आहे, ही वाट पायीच चाला. टेकडी मरण दाखवते. मरणापर्यंत टिकणं कसं असतं ते वाटेवर कळतं.

सुरुवात पाण्याच्या काठी. क्योटोत डाव्या कानाचा तुकडा कापून गोन्सालोंसह 24 ख्रिस्ती कैद्यांना भर हिवाळ्यात महिनाभर चालवत आणलं होतं. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे पकडले गेले आणि 26 झाले. सर्वांत लहान लुदोविको 12 वर्षांचा. गोन्सालो चाळिशीचे, फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर आणि दुभाषी. 4 तारखेच्या रात्री ओमुरा उपसागर ओलांडून होड्या तोगित्सुला लागल्या, पण कैद्यांना उतरवलं नाही. हात बांधलेले, रात्र होडीतच. उतरण्याच्या जागी आता स्मारक आहे. उजाडता उजाडता आम्ही तिथे जपमाळ काढतो, तर गारठलेल्या बोटांना मणी लागत नाही, आणि जाड हातमोज्यांतून माळ निसटते. बोटांची टोकं उघडी राहतील असेच हातमोजे घ्यावेत.

वाट अवघड नाही, फसवी आहे. सगळी डांबरी, शेजारी रहदारी. हलका चढ, मग मिचिनोओ स्टेशनावरून उराकामीच्या खोऱ्यात उतार. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख ठणकू लागतं. निघतानाच नाड्या घोट्याजवळ घट्ट आवळा. टाच गरम लागली की थांबून पट्टी लावा, फोडाची वाट पाहू नका. जपमाळेची पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवत म्हटलेल्या प्रार्थना, चालता चालता म्हणायला वीसेक मिनिटं लागतात. घोळक्यात हमखास बिघडतं ते इथेच: दमदार माणसं पुढे जातात, मागच्यांना प्रार्थनेचा आवाज पोचत नाही, आणि अर्ध्या तासात वारीची सहल होते. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. चालायला साडेतीन तास पुरतात, थांबे धरून पाच ठेवा.

त्यातला सर्वांत जास्त वेळ उराकामीला द्या.

1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे पाद्री उरले नाहीत. उराकामीच्या शेतकऱ्यांनी कामं वाटून घेतली. चोकाता पंचांग सांभाळायचा, म्हणजे नाताळ कधी, उपवास कधी. मिझुकाता बाप्तिस्मा द्यायचा. किकियाकु घरोघर निरोप न्यायचा. एवढ्यावर सुमारे अडीचशे वर्षं निघाली. एकट्याच्या धैर्याने ती निघाली नसती. एक माणूस खचतो, आजारी पडतो, घाबरतो. वाटून घेतलेलं काम दुसरा उचलतो.

आणि ती माणसं घाबरलीही, हे लपवू नये. दरवर्षी गावच्या मुखियाच्या घरी येशू किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावं लागे. त्याला फुमिए म्हणत. उराकामीकर पाय ठेवत, आणि घरी येऊन कोन्चिरिसान म्हणत, म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. शब्द पोर्तुगीजांकडून गेलेला, जसा आपला पाद्री. पाप क्षमा करायला पुरोहित नसेल तेव्हा मनापासून पश्चात्ताप कसा करावा हे शिकवणारी पुस्तिका 1603 मध्येच तयार झाली होती. पुढे ती हातोहात उतरवली गेली, तोंडपाठ झाली. स्थिर राहणं म्हणजे कधीच न पडणं, असं आपण समजतो. येशूचा शिष्य पेत्रही येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला होता. उराकामीकडे पडल्यावर परतायची रीत होती आणि ती घराघरात माहीत होती.

1865 मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या चर्चमध्ये त्यांनी फ्रेंच मिशनरी फादर पेतिजाँ यांच्यापुढे आपला विश्वास उघड केला. शिक्षा लवकरच आली. 1868 पासून सुमारे 3,400 जणांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं. 600 हून अधिक परतले नाहीत. त्या हद्दपारीला ते ताबी म्हणत. ताबी म्हणजे प्रवास. 1873 मध्ये बंदी उठली, ते परतले, आणि काही वर्षांनी त्यांनी मुखियाच्या घराची तीच जागा विकत घेतली. उराकामी कॅथेड्रल तिथे उभं आहे. 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बने ते कोसळलं. 12,000 उराकामीकर कॅथलिकांपैकी सुमारे 8,500 मेले. 1959 मध्ये ते पुन्हा बांधलं गेलं.

आवारात हागी या हद्दपारीच्या गावाहून आणलेला दगड आहे. हद्दपारीत एका तरुणीला कडाक्याच्या थंडीत यावर बसवून ठेवलं होतं. दगड लहानच, हात ठेवला की फेब्रुवारीत तळव्यातून गारवा मनगटापर्यंत चढतो. इथे बूट सैल करा, पाय पुसा, मोजे बदला आणि पश्चात्तापाची प्रार्थना सावकाश म्हणा.

पुढे सान्नो देवस्थान लागतं. त्या जागी कुष्ठरोग्यांचं सान लाझारो रुग्णालय होतं. 26 जणांना तिथे थोडा वेळ थांबवलं होतं. आता ते शिंतो उपासनास्थळ आहे, म्हणून आम्ही रस्त्यावरूनच मान लववतो, मोठ्याने म्हणत नाही.

शेवटचा चढ छोटा आहे. टेकडीवर 1962 मध्ये उभारलेल्या भिंतीवर कांस्याच्या 26 मूर्ती ओळीने आहेत. आधी चेहरे बघू नका, पाय बघा. बोटं जमिनीकडे लोंबताहेत, अंगाचा भार कशावरच नाही. त्यांच्यासमोर उभं राहायचं, आपले दुखरे पाय जमिनीवर टेकवून, आणि जपमाळेचं उरलेलं रहस्य म्हणायचं.