कंदील धरणाऱ्याची मंडई

पोळा आटोपला की आमच्या गावच्या नाट्यमंडळाची बैठक बसते. या वर्षीची बैठक झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला. "काका, वडसाला चाललो जी, नाटकाची तारीख धराले. तुमी मंडईले येता न?" मी होकार दिला, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ रॉकेलचा वास नाकात दरवळत राहिला. त्या वासाचा आणि नाटकाचा संबंध पुढे येईलच.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलाच्या आणि धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांत वर्षभर प्रयोग चालतात. आमच्याकडे मात्र नाटकाला धानासारखाच हंगाम असतो, आणि तो दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. या हंगामाची बाजारपेठ म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या या गावात दिवाळीच्या आधीपासून नाटक कंपन्या आपापली कार्यालये थाटतात, नटनट्यांच्या चेहऱ्यांचे भलेमोठे फलक रस्त्यावर लावतात, आणि गावोगावची मंडळे तिथे येऊन नाटक, तारीख व सुपारी ठरवून जातात. माझा पुतण्या आता त्या घासाघिशीत तरबेज झाला आहे. माझ्या लहानपणी हे काम गावचे पाटील करीत, आणि ते करताना जणू मुलीचे लग्न जुळवत आहोत अशा गंभीर चेहऱ्याने बसत.

मंडई म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगताना मी नेहमी अडखळतो, कारण जत्रा म्हटले तर ती देवाची नाही आणि बाजार म्हटले तर कोणी विशेष काही विकत घेत नाही. दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई एकेका दिवशी भरते. या गावची मंडई त्या गावच्या मंडईवर येणार नाही, अशा बेताने दिवस धरलेले असतात, त्यामुळे पंधरा दिवस माणसे एकमेकांच्या गावी पाहुणी म्हणून फिरत राहतात. सासरी गेलेल्या मुली येतात, नागपूरला कामाला गेलेली पोरे येतात, आणि ज्या घरात एरवी चार माणसे जेवतात त्या घरात त्या रात्री तीस पाने उठतात. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला असतो, कारण १८४३ साली त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. आमची मंडई पुष्कळदा त्याच सुमारास येते, पण गावात कोणी हा योगायोग कधी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही. आजोबांच्या लेखी नाटकाची सुरुवात दंडारीपासून, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यापासून, झाली होती. ते स्वतः तरुणपणी दंडारीत नाचलेले होते, आणि पडदा लावून नाटक करणे हे त्यांना थोडे चोरून केल्यासारखे वाटे.

चुलबंद नदीच्या बाजूला पाटलांची एक बांधी होती. तिच्यात मुद्दाम हलका धान लावलेला असे, म्हणजे मंडईपर्यंत तो कापून होई आणि बांधी नाटकाला मोकळी मिळे. आठ दिवस आधी गावातले तरुण फावडी घेऊन उतरत. मागच्या माणसालाही पुढचे दिसावे म्हणून बांधीत उताराचा खड्डा खणायचा आणि निघालेल्या मातीचाच चौथरा रचून त्यावर मंच उभारायचा, अशी ती सोय होती. नाट्यगृह बांधण्याची याहून स्वस्त रीत मी अजून पाहिलेली नाही. खड्ड्यात तणस पसरले जाई, आणि संध्याकाळपासून बायाबापड्या त्यावर चादरी अंथरून जागा धरून ठेवत. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होई आणि उजाडायच्या सुमारास संपे; लहान मुले दुसऱ्या अंकापर्यंत तणसात गुडूप झालेली असत.

मी मात्र झोपू शकत नव्हतो, कारण सातवीत असताना, म्हणजे १९८४ साली, माझ्याकडे एक पद आले होते. शाळेतले आमचे गुरुजी नाटकाचे प्रॉम्प्टर होते आणि त्यांच्या वहीवर कंदील धरण्यासाठी त्यांनी माझी निवड केली होती. मंचावर जनरेटरचे दिवे असले तरी विंगेत अंधारच लागतो, नाहीतर पडद्यावर सावल्या पडतात. म्हणून गुरुजींनी कंदिलाच्या काचेला तीन बाजूंनी जुनी पोस्टकार्डे सुतळीने बांधली होती, आणि उरलेल्या फटीतून येणारा उजेड बरोबर ओळीवर पडेल असा तो मला धरायचा असे. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचा, पण घेताना उजेड हलता कामा नये. वहीत संवाद निळ्या शाईने आणि पदे तांबड्या शाईने लिहिलेली होती, आणि ऑर्गनवाल्याला खूण करण्याच्या जागी समासात एक लहानसा त्रिकोण काढलेला होता. त्रिकोण आला की गुरुजी डाव्या हाताची दोन बोटे उचलत, आणि पलीकडे बसलेले ऑर्गन मास्तर सूर धरत.

झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर किती मोठा असतो, याची समोर बसणाऱ्यांना कल्पना नसते. त्या काळी आमच्याकडे पुरुषांच्या भूमिका गावातलेच लोक करीत. त्याआधी बायकांच्या भूमिकाही तेच करीत असत, पण माझ्या लहानपणापर्यंत त्यांच्यासाठी नागपूरहून कलावंत बोलावण्याची पद्धत पडली होती. त्या बाया प्रयोगाच्या दिवशीच दुपारी एस.टी.ने उतरत. आदल्या रात्री त्यांनी दुसऱ्या गावात दुसरेच नाटक केलेले असे. तालीम होण्याचा प्रश्नच नव्हता. नायकाला नायिकेचे तोंडही रंग लावल्यावरच दिसे. असे असूनही प्रयोग पहाटेपर्यंत रंगे, तो विंगेतून येणाऱ्या आवाजाच्या जोरावर. गुरुजी वाक्य सांगत ते हजेरी घेतल्यासारखे, एका सुरात, कसलाही भाव न घालता: "हाय रे दैवा, पोटच्या पोरीने ही वेळ आणली." आणि श्वासभराच्या अंतराने तेच वाक्य मंचावर हंबरडा होऊन फुटे, अन् खड्ड्यातल्या हजार बायका पदर डोळ्यांना लावत. मी मधोमध बसलेला असल्याने मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई, एकदा कोरडे आणि एकदा ओले. पुढे नोकरीच्या गावी मी नाट्यगृहांत तिकीट काढून पुष्कळ नाटके पाहिली. पहिल्या काही वेळा वाक्य एकदाच आले की काहीतरी राहून गेल्यासारखे वाटे.

एका वर्षीची फजिती गावात अजून सांगितली जाते, पण तिचा खरा दोषी मी होतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या अंकात बापाचा मृत्यू आणि त्यावर मुलीचे पद, आणि त्यानंतरच्या प्रवेशात बापाची तेरवी, असा क्रम होता. रात्रीचे दोन वाजले असावेत. दव पडून वहीची पाने ओलसर झाली होती, आणि मला एक डुलकी लागून कंदील गुडघ्यापर्यंत खाली आला. त्या क्षणभराच्या अंधारात गुरुजींनी पान उलटले, ते नेमके दोन पाने मिळून उलटले. पुढच्या ओळीला थोरला मुलगा मंचावर जाऊन म्हणाला, "आई, उद्या बाबांची तेरवी, आणि घरात धानाचा दाणा नाही." बाबा तेव्हा आमच्या शेजारी खोकल्याची तयारी करीत, शाल पांघरून बिडी ओढत बसलेले होते. त्यांनी बिडी तोंडातून काढली आणि गुरुजींकडे पाहिले.

आमच्या लोकांनी ते नाटक दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात पाहिलेले होते. खड्ड्यातून कोणीतरी ओरडले, "अजी, बाप तं मेलाच नाही न जी!" मग एकच गलका झाला. कोणाला तेरवीची घाई नव्हती. सगळ्यांना मुलीचे पद हवे होते, कारण त्या पदासाठीच माणसे बक्षिसाच्या नोटा गाठीला बांधून बसली होती. ऑर्गन मास्तरांनी प्रसंग ओळखून मधल्या मध्ये एक धून वाजवायला घेतली, आणि तबलजीने त्यात ठेका धरला. तोवर पाटील उठून उभे राहिले आणि त्यांनी न्यायनिवाडा करावा तसे सांगितले, "पडदा पाडा. पयले बाप मारा, मंग तेरवी करा."

पडदा पडला, बाप खाटेवर गेला, आणि पुन्हा पडदा वर गेला. माझ्या मते ते काम त्या माणसाच्या आयुष्यातले सर्वोत्तम होते. मुलीच्या पदाला तीनदा वन्समोअर मिळाला, दर वेळी बक्षिसांची नावे लाउडस्पीकरवर वाचली गेली, आणि तेवढा वेळ बापाला मेलेलेच पडून राहावे लागले. तिसऱ्या वेळी त्यांच्या दंडावर डास बसला. त्यांनी शालीच्या आतून हात हळूच वर आणून तो मारला आणि हात पुन्हा छातीवर नेऊन ठेवला. समोर बसलेल्या कोणालाही ते दिसले नसावे. कंदीलवाल्याच्या जागेवरून मात्र दिसले. गुरुजी मला त्या रात्री काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला दोरा ओवून आणला होता, आणि कंदील पुन्हा माझ्याच हाती दिला.

त्यानंतर बरेच काही बदलले. गावातल्या लोकांनी स्वतः नाटक करणे हळूहळू थांबले आणि वडसाच्या कंपन्या नटांपासून पडद्यापर्यंत सगळे घेऊन येऊ लागल्या. मंडळाकडे खड्डा, मंडप, तिकीटविक्री आणि पाहुण्यांची सरबराई एवढे उरले. ऑर्गनशेजारी ऑक्टोपॅड आला, जो मला कर्कश वाटतो आणि पुतण्याला वाटत नाही. आमच्या भागात पुष्कळ गावांत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी असे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या तेव्हा त्या गावांतले दिवस ओकेबोके झाले, पण रात्री टिकल्या. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने पुन्हा परवानगी दिल्यावर पट परत आले. त्याआधी करोनाने मात्र रात्रीही बंद पाडल्या होत्या, आणि एका हंगामावर वर्षाचे पोट असलेल्या कलावंतांचे फार हाल झाले. २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या मंडळाने गावात पेढे वाटले. खरे तर त्यांचा आमच्या गावाशी विशेष संबंध नव्हता, पण संबंध लावायला आमच्याकडे कोणाला अडचण पडत नाही.

मंडईला मी जमेल त्या वर्षी जातो. गेलो की सवयीने विंगेत जाऊन बसतो, त्यामुळे एवढी वर्षे नाटकांच्या नादात काढूनही आमच्या गावचे एकही नाटक मी समोर बसून पूर्ण पाहिलेले नाही. काल संध्याकाळी पुतण्याचा पुन्हा फोन आला. तारीख मिळाली होती, नाटक कौटुंबिक होते, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे पदे भरपूर होती. मी विचारले, "प्रॉम्प्टरच्या वहीवर उजेड कोण धरणार आहे?"

"आता वही कोन वापरते काका? त्याच्या मोबाइलमध्येच सारं नाटक हाय. उजेड त्याचा तोच पडते."

मी थोडा वेळ काही बोललो नाही, तेव्हा तो म्हणाला, "तुमी समोर बसा न जी या साली. पयल्या रांगेत खुर्ची ठेवतो." आणि मग जरा थांबून, मंडळाचा खजिनदार म्हणून त्याने पुढे सांगितले, "खुर्चीचं तिकीट मात्र येगळं हाय."