आठचा पाढा

शुक्रवार, रात्री

रात्री म्हणायचं ते घड्याळावरून. साडेदहा वाजले तरी दिवा न लावता लिहितेय. जूनमध्ये ओस्लोत अंधार पडायला विसरतो. खोलीत आठ पलंग, त्यातले सहा भरलेले, आणि एक बाई डोळ्यांवर मोजा बांधून झोपली आहे. मोजा धुतलेला असावा अशी आशा.

आधी हिशोब. तीन दिवसांना १,५०० क्रोन. बसचं भाडं आणि पलंगाचे पैसे आधीच भरलेत, ते यात धरत नाही. एक क्रोन म्हणजे साधारण आठ रुपये. स्वीडनचा क्रोनही जवळपास तेवढाच, पण गॉथेनबर्गला वर्ष काढल्यावर गुणाकाराची सवय सुटली होती. इथे बसमधून उतरल्या उतरल्या परत लागली. स्टेशनातलं टॉयलेट, आठ गुणिले. कॉफी ५२, म्हणजे चारशे सोळा रुपये. लहानपणी आठच्या पाढ्यावर मार खाल्ला होता, तो आता कामी येतोय.

येताना सीमेवर स्विनेसुंडचा पूल लागला, तेव्हा समोरून नॉर्वेच्या गाड्यांची रांग स्वीडनकडे चालली होती. माझ्या शेजारचा स्वीडिश मुलगा म्हणाला, बाजाराला निघालेत. मांस, शीतपेयं, चॉकलेटं, तंबाखू, सगळं पलीकडे स्वस्त, म्हणून इकडची माणसं डिकी भरून नेतात. त्याला इथे 'हारीहांडेल' असं थोडं हिणवणारं नाव आहे. हिणवतात आणि जातातही. खुद्द गावकऱ्यांनाच गाव परवडत नाही म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. ते तिकडून सामान आणतात, मी चौदा पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेऊन उलट्या दिशेने चाललेय, एवढाच फरक.

चादर घरून आणली, कारण हॉस्टेलवाले चादरीचे वेगळे पैसे घेतात.

संध्याकाळी ऑपेरा हाऊसच्या छपरावर चढले. हे अक्षरशः. २००८ साली उघडलेली ही इमारत अशी बांधली आहे की पांढऱ्या दगडाचा उतार थेट फियोर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या, पाण्यातून वर येतो आणि चालत चालत माणूस छतावर पोचतो. तिकीट नाही, रखवालदार हटकत नाही. आतल्या खुर्चीची किंमत मी बघितलीसुद्धा नाही. वर दगड अजून कोमट होता. पालथी पडून चटणी-पोळी खाल्ली. खाली लोक पाण्यात उड्या मारत होते, तेही फुकट, पण त्या पाण्यात मी पैसे घेऊनही उतरले नसते.

आईचा फोन. पहिला प्रश्न नेहमीचाच: "काय खाल्लंस?" म्हटलं, पोळी. "अगं, नॉर्वेला जाऊन पोळी?" मग आठचा पाढा तिलाही ऐकवला. ती गप्प झाली.

शनिवार

आज चोवीस तासांचा पास काढला, १३० क्रोनच्या आसपास. दिवसाचा सगळ्यात मोठा खर्च, आणि वसूल केला. याच पासात ट्राम, मेट्रो आणि बेटांवर जाणाऱ्या बोटीही येतात, हे बऱ्याच पर्यटकांच्या ध्यानात येत नाही. ते बाजूच्या धक्क्यावरून महागड्या फियोर्ड-सफरीला जातात. मी नगरभवनासमोरून साधी बोट धरून हूवेडोयाला गेले. दहाएक मिनिटांत बेट. तिथे इंग्लंडहून आलेल्या सिस्टर्शियन भिक्षूंनी ११४७ साली मठ बांधला, १५३२ मध्ये तो लुटून जाळला गेला. आता गुडघाभर, कमरेइतक्या भिंती आणि त्यांवर वाळत घातलेले पोहणाऱ्यांचे टॉवेल.

तिथल्या बाकावर एक साठीच्या पुढची बाई येऊन बसली आणि तिने पिशवीतून डबा काढला. पावाचे चार काप, दोन कापांच्या मध्ये पातळ कागद, म्हणजे वरचं खालच्याला चिकटू नये. मी बघत होते हे तिला कळलं. म्हणाली, याला 'मातपाक्के' म्हणतात, शाळेतली पोरं हेच नेतात आणि मोठ्या पगाराचे साहेबही हेच नेतात. त्या कागदाला वेगळं नाव आहे आणि तो दुकानात गठ्ठ्याने विकत मिळतो. ज्या देशात पावाच्या कापांमध्ये घालायच्या कागदाला नाव आहे, तिथे मी कालपासून पोळी लपवून का खात होते कोण जाणे. काल छपरावरसुद्धा माणसांकडे पाठ केली होती, हे लिहायचं राहिलं.

मी चटणी-पोळी पुढे केली. तिने एक घास घेतला आणि लसणाला टिकली. मग तिने मला तिच्या चीजचा काप दिला. रंग गुळासारखा. ब्रूनोस्ट, म्हणजे नुसतं 'तपकिरी चीज'. चीजचं नासवणी पाणी तासन्‌तास आटवतात, त्यातली साखर करपून तांबूस होते, असं ती सांगत होती. मी ऐकत नव्हते. मी साताऱ्याची आहे. तोंडात कंदी पेढा होता. थोडं मीठ पडलेला, जरा आंबटसर, पण दूध आटून तांबूस झाल्याची तीच खरपूस चव, तोच दाताला चिकटणारा हट्ट. तिला 'पेढा' समजावून सांगताना माझी पंचाईत झाली. ती म्हणाली, नगरभवनाचे ते दोन विटकरी मनोरे पाहिलेस ना, त्यांना आम्ही ब्रूनोस्टच म्हणतो. जिथे दर १० डिसेंबरला शांततेचं नोबेल देतात ती ही इमारत. परतताना बोटीतून पाहिलं. खरंच, दोन वड्या उभ्या केल्यासारख्या.

दुपारी दुकानातून ब्रूनोस्टची सगळ्यात लहान वडी घेतली आणि एक आख्खा पाव. पाव तिथल्या यंत्रात घालून आपला आपणच कापायचा. दाराशी रिकाम्या बाटल्या परत घेणारं यंत्र होतं. सोबतच्या दोन बाटल्या टाकल्या, लहानीचे दोन, मोठीचे तीन. पुढे दोन बटणं: एक पावती देतं, दुसरं दाबलं तर ते पैसे रेडक्रॉसच्या लॉटरीत जातात. मागे रांग. पावतीचं दाबलं. पाच क्रोनांसाठी कान गरम झाले.

मग फ्रोगनर पार्कमध्ये विगेलंडची शिल्पं. दोनशेच्या वर, चोवीस तास उघडी, फाटकाला दार असून नसल्यासारखं. मधला स्तंभ एकाच ग्रॅनाइटच्या शिळेचा, त्यावर १२१ माणसं एकमेकांना धरून, रेटून वर चाललेली. तीन पाथरवटांना चौदा वर्षं लागली. मला मात्र त्यामागचा सौदा आवडला. १९२१ मध्ये गुस्ताव्ह विगेलंडने शहराशी करार केला: तुम्ही मला राहायला आणि कामाला जागा बांधून द्या, मी पुढचं सगळं काम तुम्हाला देतो. १९४३ ला तो गेला. घरभाड्याच्या बदल्यात आयुष्य, आणि त्याची वसुली आज माझ्यासारखीला फुकटात. गर्दी सगळी त्या पाय आपटणाऱ्या रडक्या पोराभोवती. मला तो आवडला नाही, मला भाचा आहे.

पास चालू होता म्हणून रात्री नऊला, उन्हात, व्होर फ्रेल्सर्स स्मशानभूमीत गेले. नाटककार इब्सेनच्या थडग्याच्या खांबावर हातोडा कोरलाय. चित्रकार मुंकही इथेच. पण मी गेले होते ब्योर्नसनसाठी. आमच्या आजोबांनी नाटकाची वेडं फार केली, आणि 'आंधळ्यांची शाळा' हे नाव त्यांच्या तोंडी सारखं असे. नाट्यमन्वंतर या नाटकमंडळीने १९३३ ला केलेलं वर्तकांचं हे नाटक ब्योर्नसनच्या नाटकावर बेतलेलं. आजोबांनी नॉर्वे नकाशातही धड पाहिला नव्हता. ब्योर्नसनच्या थडग्यावर दगडातच कोरलेला झेंडा पांघरलाय. तिथे उभी राहून काय करायचं सुचेना. नमस्कार केला. शेजारी एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, त्याने मान हलवली.

रविवार, परतीच्या बसमध्ये

आज फजिती. गॉथेनबर्गला रविवारी किराणा मिळतो, म्हणून इथेही मिळणार असं मी गृहीत धरलं. इथे रविवारी मोठी दुकानं कुलूपबंद. पाव काल रात्रीच संपवला होता. बॅगेत दोन पोळ्या, त्या बससाठी.

सकाळी ब्योर्विकाच्या डाइकमन ग्रंथालयात जाऊन बसले. २०२० मध्ये उघडलेलं, पाच मजले, खुर्च्या अशा की निजावं. कुणी काही विचारत नाही. वर लाकडाची एक लहानशी खोली आहे, चपला काढून आत जायचं. २०१४ पासून दर वर्षी एका लेखकाकडून हस्तलिखित घेतात, ती सगळी आता इथे ठेवलीत आणि कुणालाही वाचू देत नाहीत. ती २११४ ला छापणार, शहराबाहेरच्या जंगलात त्यासाठीच लावलेल्या हजार झाडांच्या कागदावर. खूप गंभीर व्हावं अशी जागा. माझ्या पोटात असा आवाज झाला की समोरची मुलगी हसली.

तिथून ग्रोनलांड या वस्तीत चालत गेले. लहान दुकानांना रविवारी परवानगी असते, आणि तिथली बरीचशी पाकिस्तानी लोकांची. मेथीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, काचेत समोसे. "अकेली घूम रही हो?" काउंटरमागच्या काकांनी विचारलं. हो म्हटलं. समोसे दोन घेतले होते, पिशवीत तीन निघाले. गल्लीच्या तोंडाशी उभ्या उभ्या खाल्ले, आणि तिसरा संपल्यावर लक्षात आलं की किमतीला आठने गुणलंच नाही.

आता स्विनेसुंड गेलं. समोरच्या बाजूने डिक्या भरून गाड्या घरी परतताहेत. वहीत १,५०० पैकी १,४३६ खर्च.

मघाशी दोन पोळ्या काढल्या. वाळून पापड झाल्या होत्या. त्यांत ब्रूनोस्टचे पातळ काप घालून गुंडाळी केली, तेवढ्यात आईचा फोन. काय खातेस, तर सांगितलं, अगदी आटवण्यापासून, तपकिरी रंगापर्यंत, सगळं.

"म्हणजे पेढा-पोळी खातेस," आई म्हणाली. "मग नीट सांग की तसं."