टी-मॅच ट्यूनर, अपडेट ३ : एसडब्ल्यूआर १:१ येतोय पण कॉइल का तापतेय

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की ८० मीटरच्या हॅम रेडिओ बँडवर माझा घरी केलेला टी-मॅच ट्यूनर (दोन कपॅसिटर आणि एक कॉइल, अँटेनाचे ओहम रिगला, म्हणजे रेडिओ सेटला, जुळवून देणारा) मस्त मॅच होतोय, म्हणजे एसडब्ल्यूआर (मॅच किती जुळला ते सांगणारा आकडा, १:१ सर्वात चांगला) खाली येतोय. मॅच आजही होतोय, रिफ्लेक्टेड (रिगकडे परत येणाऱ्या) पॉवरची सुई शून्यावरून हलत नाही. पण ५० वॅटवर दोन-तीन मिनिटं एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) चालवलं, रिग बंद केला आणि कॉइलला हात लावला तर चटका बसला, पीव्हीसी पाइपचाही वास यायला लागला होता. म्हणजे अँटेनाकडे जायची पॉवर मधल्या मधेच खर्च होतेय. मीटर ते सांगणार नाही, कारण तो फक्त रिगला ५० ओहम दिसतायत की नाही एवढंच सांगतो. गेले तीन रविवार यातच गेले.

नवीन लोकांसाठी सेटअप सांगतो. फोंड्याला घरामागे दोन माड आहेत, त्यांच्यामध्ये साधारण २० मीटरचा डबलेट (मधून फीड दिलेली तारेची अँटेना), मधून ४५० ओहमची लॅडर लाइन (दोन समांतर तारांची फीडलाइन) खिडकीतून आत. ४० मीटरला हा अर्ध्या वेव्हचा डायपोल, तिथे काहीच त्रास नाही. ८० ला तो निम्मा पडतो, मधला रेझिस्टन्स दहा-बारा ओहमवर येतो आणि त्यात शेकडो ओहमचा कपॅसिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स. लाइनमधून येता येता आकडे बदलतात, तरी शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) रेझिस्टन्स १२-१३ च्या आसपासच दाखवतो. टी-मॅचला कमी ओहमचा लोड जड जातो, आणि खालच्या बँडवर तर जास्तच.

आता मेजरमेंट. १०० ओहम २ वॅटचे आठ रेझिस्टर पॅरलल केले, झाला १२.५ ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा नकली लोड (वायरवाउंड अजिबात घेऊ नका, त्यात इंडक्टन्स असतो). लोडवर वन एन ५७११ डायोड, छोटा कपॅसिटर आणि मल्टीमीटर, म्हणजे पीक व्होल्टेज मिळतं, त्यात डायोडचा ड्रॉप मिळवायचा. रिगचे १० वॅट पूर्ण पोचले तर १५.८ व्होल्ट दिसायला पाहिजेत. खऱ्या अँटेनाचा रिअ‍ॅक्टन्स यात नाही हे मान्य, पण एका सेटिंगची दुसऱ्याशी तुलना करायला हे पुरेसं आहे.

पहिलं सेटिंग, आउटपुटचा गँग (फिरवून कमी-जास्त करायचा कपॅसिटर) १५० पीएफच्या आसपास, ३.६ मेगाहर्ट्झ, एसडब्ल्यूआर १:१. लोडवर १३.६ व्होल्ट, म्हणजे ७.४ वॅट, चौथ्या हिश्शापेक्षा जास्त गायब! मग गँगचे दोन्ही सेक्शन पॅरलल करून ५०० पीएफला नेला, कॉइलचे टर्न कमी केले, इनपुट परत लावला. परत १:१, पण आता १५ व्होल्ट, म्हणजे ९ वॅट. तीच कॉइल, तोच लोड, सुईपण तशीच शून्यावर. टी-मॅचमध्ये नॉब तीन आणि भागवायच्या गोष्टी दोनच, त्यामुळे १:१ देणारी सेटिंग्ज भरपूर सापडतात. आउटपुटचा कपॅसिटर जितका लहान तितका त्याचा रिअ‍ॅक्टन्स मोठा, तितकं मधल्या नोडवरचं व्होल्टेज चढतं आणि कॉइलमधून करंट नुसता गोल गोल फिरत राहतो, तोच कॉइल तापवतो. जुन्या रेडिओचा गँग ५० वॅटवर चट् चट् करायचा त्याचं कारणही हेच, मी उगाच पावसाळ्याच्या दमटपणाला दोष देत होतो. त्यामुळे आता नियम असा की कपॅसिटर होईल तितके मिटलेले (म्हणजे पीएफ जास्त), कॉइल होईल तितकी कमी, आणि त्यात जे १:१ मिळेल तेच धरायचं.

यापेक्षा मोठा चोर मात्र बलून (balun, लॅडर लाइन आणि ट्यूनरच्या मधला ट्रान्सफॉर्मर) निघाला. आउटपुटला ४:१ (ट्यूनरला लोडचे ओहम चौथा हिस्सा दाखवणारा) लावला होता, सगळे लावतात म्हणून. अहो, १२.५ ओहमला ४:१ लावला की ट्यूनरला जेमतेम ३ ओहम दिसतात, आधीच अवघड असलेला लोड आपणच आणखी अवघड करतो! बलूनसकट मोजलं तर ५०० पीएफवरसुद्धा १२.८ व्होल्ट, म्हणजे ६.६ वॅट, एक तृतीयांश गेली. ४:१ काढला, तिथे १:१ चा (ओहम न बदलणारा) करंट बलून घातला. ज्यांचा डबलेट बँडच्या मानाने आखूड आहे त्यांनी हे एकदा मोजून बघाच.

कॉइल पण बदलली. आधीची २२ गेजची, पाइपवर चिकटून चिकटून गुंडाळलेली. आता १४ गेज, ६५ मिलिमीटर व्यास, १६ टर्न, दोन वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीएवढी फट आणि आत पाइप नाही, फक्त आधाराला तीन पट्ट्या. तारेला काळपट हिरवं चढलं होतं, ती आईने देवाचा तांब्या घासते तशी चिंच लावून घासून दिली, मग पाण्याने धुऊन उन्हात वाळवली, लखलखीत निघाली. क्रोकोडाइल क्लिपचे दात तर खाऱ्या हवेने पार खाल्ले होते, म्हणून ८० आणि ४० चे टॅप (कॉइलवर मधेच जोडलेल्या तारा) सरळ सोल्डर केले. आता १५.४ व्होल्ट, म्हणजे साडेनऊ वॅट.

हिशोब केला तर ६.६ वरून ९.५ म्हणजे दीड डीबी. एस युनिट (सिग्नलच्या जोराचा एक टप्पा) ६ डीबीचं, तेव्हा संध्याकाळी कोल्हापूरच्या ओएमच्या (हॅम मित्राच्या) एस मीटरवर यातलं काही दिसणार नाही आणि दिसलंही नाही, त्यांनी आधीचाच रिपोर्ट दिला. पण ५० वॅटवर आधी १७ वॅट ट्यूनर आणि बलूनमध्ये जळत होते, आता अडीच. दहा मिनिटं चालवून रिग बंद केला आणि हात लावला तर कॉइल कोमट. मला तेवढं पुरेसं आहे. (चालू असताना हात लावू नका, आरएफचा चटका खोलवर जातो.)

आता राहिली लॅडर लाइन. इतक्या मोठ्या एसडब्ल्यूआरवर तिचा स्वतःचा लॉस धरावाच लागतो, आणि पावसात ती भिजली की ट्यूनिंग सरकतं हे रोज बघतोय. पाडेली (माडावर चढणारा) नारळ काढायला येईल तेव्हा त्याच्याकडून लाइन खाली उतरवून घेणार, आधी कोरडी मोजायची आणि मग बादलीभर पाणी ओतून.