तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीची मराठी टिकवलीत कशी?

बडोदा, मस्कत आणि आता पुणे, एवढं फिरून मुलीची मराठी टिकवलीत कशी, असं कोणी ना कोणी कौतुकाने विचारतंच. खरं सांगू? बडोद्यात नि मस्कतमध्ये आम्ही काहीच केलं नाही. मराठी डळमळली ती पुण्यात आल्यावर.

पणजोबा सयाजीराव महाराजांच्या अमदानीत साताऱ्याहून बडोद्याला नोकरीला गेले, ते तिथलेच झाले. आमच्या मराठीत गुजराती शब्द शिरले. आई आजही भाजी चिरत नाही, 'समारते', आणि झोपाळ्याला हिंचका म्हणते. पण भाषेची हाडं शाबूत राहिली. गुजरातीतही नपुंसकलिंग आहे, आणि आपल्या 'आम्ही' आणि 'आपण'सारखे तिथेही 'अमे' आणि 'आपणे' आहेत. शेजारीणच त्या वळणाची, मग आपलं वळण मोडणार कसं?

मस्कतला घरात आम्ही चौघंच. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे नातीची गोष्ट, डबा, भांडण सगळं आजीशी मराठीतच.

२०१८ साली बाणेरला राहायला आलो, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. लिफ्टमध्ये हिंदी, पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये हिंदी, शाळेच्या बसमध्येही हिंदी. त्यातली निम्मी मुलं घरी मराठी बोलणारी, हे विशेष! २०२० च्या कायद्याने शाळेत मराठी सक्तीची झाली, पण मधल्या सुट्टीला तो कुठे लागू होतो? हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि आम्ही-आपण दोन्हींना एकच 'हम'. वर्षभरात आमच्याकडे 'तो घर', 'माझी पुस्तक' सुरू झालं. गोष्टीची पुस्तकं आणली, सुट्टीत नाट्यशिबिराला घातलं. फरक पडला, पण यथातथाच.

एका रात्री पानं घेतली होती. मुलगी गॅलरीत जाऊन म्हणाली, "आजी, आम्ही जेवायला बसूया?"

"बसा की तुम्ही," आई म्हणाली आणि हिंचक्याला एक झोका दिला.

"तू पण चल ना!"

"मला कुठे बोलावलंस? तुम्ही बसताय म्हणालीस."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी गप्प. आई हलायला तयार नाही. पाचेक मिनिटांनी पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला. "आपण! आपण बसूया!" म्हणून ती ओरडली आणि आजीला हाताला धरून ओढत घेऊन आली.

आमटी पुन्हा गरम करावी लागली.