एक्सव्ही६ मध्ये पेज फॉल्ट हाताळताना: माझा अनुभव

सुट्टीत फोंड्याला घरीच होतो. एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टीम क्यूइम्यूवर (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवून तिच्यात लेझी अ‍ॅलोकेशन घालायला घेतलं. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) नुसता प्रोसेसचा आकार वाढवून ठेवायचा. खरं पान (मेमरीचा ४०९६ बाइटचा तुकडा) द्यायचं ते कोणी त्याला हात लावेल तेव्हा. पान नसताना हात लावला की प्रोसेसर अडतो आणि कर्नलला बोलावतो, तोच पेज फॉल्ट.

एसब्रेक या मेमरी मागण्याच्या सिस्टीम कॉलमधून पानं देणारा भाग काढला, शेलमध्ये एको (दिलेला मजकूर छापणारी आज्ञा) चालवलं. एससीकॉज (अडण्याचं कारण सांगणारं रजिस्टर) १५, प्रोसेस खलास. हे ठरल्याप्रमाणेच: रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर १३ म्हणजे वाचताना आलेला पेज फॉल्ट, १५ म्हणजे लिहिताना. कुठल्या पत्त्यावर अडलं ते एसटीव्हॅल या रजिस्टरमध्ये मिळतं. तो पत्ता ४०९६ च्या पटीत खाली आणायचा, पान घ्यायचं, शून्यांनी भरायचं (नाहीतर दुसऱ्याचा जुना डेटा याच्या हाती), पेज टेबलात (कुठल्या पत्त्याला कुठलं पान याची यादी) नोंदवायचं. सिस्टीम कॉलनंतर परतीचा पत्ता ४ बाइटनी पुढे नेतात, इथे तो तसाच ठेवायचा, कारण अडलेली सूचनाच (इन्स्ट्रक्शन) पुन्हा चालायला हवी.

एको चाललं. पुढे फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) आणि एक्झिट (प्रोसेस संपवणं) यांत कर्नल पॅनिक होऊन थांबला, कारण न दिलेली पानंही त्यांना टेबलात हवी होती. ती गाळून पुढे जायला सांगितलं, झालं.

खरा घोळ रीड-राइटमध्ये. नुकत्याच मागितलेल्या बफरमध्ये फाइल वाचायला गेलं की उणे एक (म्हणजे चूक), आणि फॉल्ट तर आलाच नाही. पावसाने वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी उतरत होती. साखळी गावच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, तिथे फॉल्ट येणार कसा? कर्नल स्वतःच्या पेज टेबलवर चालतोय मरे!"

बरोबर. कर्नल आणि प्रोसेस यांच्यात डेटा नेणारी कॉपीइन, कॉपीआउट ही फंक्शनं प्रोसेसचं टेबल कोडनेच चाळतात. पान नसलं तर हार्डवेअरला कळतही नाही. म्हणून पान देण्याचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढलं आणि यूझरट्रॅप (फॉल्ट आला की चालणारं फंक्शन) व कॉपी या दोन्हीकडून तेच बोलावलं. नकारही तिथेच: पत्ता प्रोसेसच्या आकाराबाहेर असेल तर, किंवा नोंद आधीच असेल तर. स्टॅकखालचं गार्ड पेज (स्टॅक हद्दीबाहेर गेला तर अडवणारं, प्रोसेसला बंद असलेलं पान) दुसऱ्या अटीत सापडतं. ती अट नसेल तर टेबलात नोंद करणारं मॅपपेजेस 'रीमॅप' म्हणून अख्खा कर्नल पाडतं. मेमरी संपली तर यूझरट्रॅपने मारायची ती फक्त प्रोसेस.

यूझरटेस्ट्स (एक्सव्ही६ सोबतच्या चाचण्या) पार पडल्या. आता कॉपी-ऑन-राइट (फोर्कनंतर पानं सामायिक ठेवून कोणी लिहील तेव्हाच प्रत काढणं) घ्यायचंय. तिथेही कॉपीआउटला लिहिण्याआधी वेगळी प्रत हातानेच काढावी लागेल, शिवाय प्रत्येक पान किती जणांकडे आहे तेही मोजावं लागेल.