गच्चीचं पाणी बोरिंगमध्ये सोडलं, त्याचा माझा अनुभव (इंदूर)

आमच्या राजेंद्र नगरात मे महिना लागला की सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, बोरिंग. कोणाची चालू आहे, कोणाची हवा फेकतेय, कोणाची मोटर जळली. आमची बोरिंग साडेतीनशे फुटांची, बाबांनी करवलेली, आधी बारा महिने बिनतक्रार चालायची, पण गेल्या काही वर्षांत एप्रिल संपत आला की तिची नाटकं सुरू, दहा मिनिटं पाणी, मग नुसती फसफस हवा, मग तासभर आराम. नर्मदेचा नळ येतो एक दिवसाआड, त्याच्यावर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं भागतं, बाकी कपडे, भांडी, संडास, झाडं, सगळं बोरिंगच्या जिवावर. ती बसली की टँकरवाल्याची मनधरणी. मग मी ठरवलं की या वेळी पावसाच्या आधी गच्चीचं पाणी बोरिंगमध्ये सोडायची सोय करूनच टाकायची. बरेच जण विचारतात कसं केलं, काय त्रास झाला, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

बाहेरच्या लोकांना वाटतं नर्मदेचं पाणी म्हणजे नदी इथून जवळच असेल. अजिबात नाही. मंडलेश्वरजवळ जलूद आहे, तिथून सत्तर किलोमीटरवरनं पाणी येतं आणि तेही घाट चढून, नदी खाली निमाडात आणि आपण वर माळव्याच्या पठारावर, म्हणजे प्रत्येक बादली आधी काही शे मीटर वर ढकलावी लागते. 1970 ला यासाठी इंदूरमध्ये मोठं आंदोलन झालं होतं आणि प्रत्यक्ष पाणी आलं 1978 ला, आईला ते आंदोलन अजून आठवतं. लहानपणापासून ऐकत आलोय, ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’, आता पग पग बोरिंग आहेत, नीर कुठे आहे ते विचारू नका.

आणि गंमत बघा, इतक्या लांबून वीज जाळून पाणी वर चढवायचं आणि त्याच वेळी पावसाळ्यात गच्चीवरचं स्वच्छ पाणी पन्हाळीतून गल्लीत, गल्लीतून नाल्यात, नाल्यातून कान्ह नदीत आणि तिथून उज्जैनला क्षिप्रेत. हिशोब अगदी सोपा आहे, एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची हजार स्क्वेअर फूट, म्हणजे 93 चौरस मीटर, इंदूरचा पाऊस सरासरी साधारण 950 मिलीमीटर धरला तर 88 हजार लिटर. उडून गेलेलं, सांडलेलं, पहिल्या पावसाचं फेकून दिलेलं वजा करून 80 टक्के धरा, तरी 70 हजार लिटर राहतं. पाच हजाराचे 14 टँकर! हे गणित केल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही, खरंच. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात आपण 2017 पासून सलग सात वेळा देशात पहिले आलो, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा 550 टनांचा प्लांट आपल्याकडे, घरातली शेंबडी पोरंसुद्धा बिस्किटाचा कागद बरोब्बर सुक्या डब्यात टाकतात, आणि पाण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद.

आता खरी गोष्ट. घर आमचं खाली, वरचा मजला काकांचा, आणि गच्ची वाटणीत काकांकडे. म्हणजे पहिली परवानगी घरातच काढायची होती. काका बँकेतून रिटायर झालेले, कोणत्याही गोष्टीला आधी नाही म्हणायचं आणि मग प्रश्न विचारायचे ही त्यांची पद्धत. "अरे, गच्चीला भोकं पाडणार, वॉटरप्रूफिंग जाईल, माझ्या बेडरूममध्ये ओल येईल, त्याचं काय?" मी म्हटलं, "काका, एकही भोक नाही पाडायचं, पन्हाळी आहेत तशाच राहतील, फक्त खालून पाईपला पाईप जोडायचा." मग दुसरा प्रश्न, आणि हा जास्त अवघड, "आपण पाणी जमिनीत सोडायचं आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या बोरिंगने उपसायचं, हा कुठला व्यवहार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते म्हणत होते ते बरोबरच आहे. माळव्यात वर काळी माती आणि खाली बेसाल्टचा काळा पाषाण, पाणी असतं ते त्या खडकाच्या भेगांमध्ये आणि भेगा काय आपल्या प्लॉटची कंपाउंड वॉल बघून थांबत नाहीत. आपण सोडलेलं पाणी शेजारी जाणार, त्यांच्या पुढच्याकडेही जाणार. पण मग मला एक मुद्दा सापडला. 2023 च्या फेब्रुवारीत महापालिकेने ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे काढले होते, 244 कोटींचे, सव्वाआठ टक्क्यांचे, जलूदला 60 मेगावॅटचा सोलर प्लांट टाकायला म्हणजे पाणी चढवायचं विजेचं बिल कमी व्हावं म्हणून. काकांनी मोठ्या उत्साहाने त्यात पैसे घातले होते आणि सगळ्या नातेवाईकांना फोन करकरून सांगितलं होतं. मी म्हटलं, "काका, तुमचे पैसे लागलेत नर्मदेचं पाणी वर चढवायला, ते पाणीसुद्धा अख्खं गावच पितं ना? इथे तर एका गल्लीचाच प्रश्न आहे." काका हसले नाहीत, पण गच्चीची किल्ली दिली.

मग प्लंबर. इथे सांगतो की नेहमीच्या नळ दुरुस्तीवाल्याकडून हे काम करवू नका, म्हणजे करवा पण आधी त्याने कुठे केलेलं काम डोळ्याने बघून या. पहिला जो आला तो म्हणाला, "भिया, बरसात का पानी सीधा केसिंग में उतार दो, फिल्टर-विल्टर की क्या जरूरत." केसिंग म्हणजे बोरिंगच्या तोंडाशी बसवलेला उभा पाईप. सरळ नको म्हणून त्याला रवाना केला. गच्चीवर कबुतरांची घाण, धूळ, वाळलेली पानं, ते सगळं थेट साडेतीनशे फुटांवर गेलं तर भेगा बुजतात ते वेगळंच, आपलं आणि आजूबाजूच्यांचं बोरिंगचं पाणी खराब होतं ते जास्त वाईट. जमिनीतून मुरून जाणारं पाणी वाटेत गाळलं जातं, बोरिंगमध्ये टाकलेल्या पाण्याला ती वाटच मिळत नाही. हे काम करताना बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

फिल्टरचं मला देवासच्या आत्याने सांगितलं. देवासने पाण्याचे जे हाल काढलेत ते आपण इंदूरकरांनी नाही काढले, 1990 च्या सुमारास तिथे रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आत्याच्या तोंडून ती वर्णनं ऐकायची. त्या टंचाईतूनच तिथे गच्चीचं पाणी बोरिंगमध्ये उतरवायचा एक साधा फिल्टर निघाला, लोक त्याला देवास फिल्टरच म्हणतात. 140 मिलीमीटर व्यासाचा, सव्वा मीटरच्या आसपास लांबीचा पीव्हीसी पाईप, आत जाळी लावून तीन कप्पे, कप्प्यांत तीन मापांचे गोटे, 2 ते 6 मिलीमीटर, 6 ते 12 आणि 12 ते 20, आणि पाणी बाहेर पडतं तिथे परत जाळी. बस्स इतकंच. ना वीज, ना मोटर. गोटे मात्र नदीचे गोल हवेत, बांधकामाची गिट्टी नाही चालत, तिच्या पावडरीनेच जाळी बुजून बसते.

दुसरा प्लंबर आत्याच्याच ओळखीतून मिळाला, कमी बोलणारा, आणि आल्या आल्या त्याने गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ढाळ कुठे आहे ते बघितलं, तेव्हाच मला तो पटला. चार पन्हाळी होत्या, त्या भिंतीच्या कडेने एका पाईपात जोडल्या, खाली टी लावून एक फाटा बाहेर जाणारा, त्याला व्हॉल्व, दुसरा फाटा फिल्टरकडे, फिल्टर आडवा, आणि तिथून पाईप बोरिंगच्या केसिंगला जमिनीच्या वर भोक पाडून जोडलेला. केसिंगला भोक पाडताना आत पाईपचे तुकडे, किस पडू नये म्हणून त्याने आधी तोंडाशी जुनी साडी कोंबली (आईची, न विचारता, त्यावरून नंतर वेगळं रामायण झालं). सगळा खर्च वीस हजारांच्या आत बसला, त्यात निम्म्याहून जास्त पाईप आणि बेंड.

पण खरं सांगू का, पाईप जोडणं हे सगळ्यात सोपं काम निघालं. अवघड होतं ते गच्चीवरची माणसं जुळवणं. आई रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकायची, तीही नेमकी पन्हाळीच्या तोंडाशी, आणि काकू उन्हाळ्यात कुरडया, सांडगे घालून झाले की गच्ची फिनाईलने धुवायच्या. दोन्ही बंद व्हायला हवं होतं. आईला म्हटलं, दाणे खाली अंगणाच्या भिंतीवर टाक, तर म्हणे तिथे मांजर येतं, मग काय त्यांना मांजराच्या तोंडी देऊ? पाप-पुण्याचा प्रश्न आला की आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. शेवटी मधला मार्ग निघाला, जूनपासून सप्टेंबरपर्यंत दाणे मागच्या पत्र्यावर, ज्याचं पाणी आपल्या पाईपात येत नाही, आणि उरलेले आठ महिने आईचं राज्य, फक्त मे अखेरीला गच्ची नुसत्या पाण्याने घासून काढायची, फिनाईल नाही, ॲसिड तर मुळीच नाही. काकूंनी ते लगेच मान्य केलं, उलट म्हणाल्या, "मग घासायचं काम तुझं." तर ते माझं आहे.

पहिला मोठा पाऊस रात्री आला. छत्री घेऊन व्हॉल्वपाशी उभा राहिलो, बाहेरच्या फाट्याखाली बादली. पहिली बादली अगदी मातकट, वर पिसं तरंगतायत, मग चहाच्या रंगाचं, मग जरा पिवळसर, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी असं पाणी यायला लागलं की बादलीचा तळ दिसावा. तरीसुद्धा तो सगळा पाऊस बाहेरच सोडला आणि दुसऱ्या दिवशीच्या पावसाला व्हॉल्व बंद करून पाणी फिल्टरकडे वळवलं. केसिंगला कान लावला तर आत खोल कुठेतरी धो धो आवाज. मुलीला उठवून ऐकवलं, ती म्हणाली बाबा हे तर फ्लश केल्यासारखं वाटतंय, आणि झोपायला गेली.

आता फरक पडला का? पुढच्या मे महिन्यात बोरिंग पूर्ण बसली नाही, थांबत थांबत का होईना चालली, टँकर आधीपेक्षा पुष्कळ कमी लागले. पण त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता, त्यामुळे हे सगळं आमच्या पाईपामुळे झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, जे लोक एकाच पावसाळ्यात बोरिंग तुडुंब भरल्याचे व्हिडिओ टाकतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. एक गोष्ट मात्र नक्की दिसली. आरओवाला येतो त्याच्या पेनने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बघितला तर पावसाळ्यात आकडा चांगलाच खाली आला होता, गीझरमध्ये क्षार कमी धरला, आणि दिवाळीनंतर आकडा हळूहळू परत वर गेला.

पावसाळा संपल्यावर फिल्टर उघडावाच लागतो, तो कंटाळा करणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. मी उघडला तेव्हा पहिल्या कप्प्यातले गोटे गुळगुळीत चिकट झालेले, मध्ये कडुनिंबाच्या काड्या, पंखवाल्या मुंग्यांचे पंख, आणि जाळीला बोटभर बारीक काळा गाळ. हे सगळं एरवी बोरिंगमध्ये गेलं असतं. गोटे चाळणीत घेऊन धुतले, दोन दिवस उन्हात वाळवले, परत भरले. शहरात ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ अशी पाटी लावलेली बरीच घरं आणि बिल्डिंग आहेत, नव्या बांधकामाला तर नकाशा पास करतानाच हे बंधन असतं, पण जाऊन बघा, पाईप असतो, फिल्टर असतो आणि तो बसवल्यापासून कोणी उघडलेला नसतो.

समोरच्या जोशीकाकू वर्षभर आमचा पाईप बघत होत्या. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "तुमचं पाणी आमच्याकडे येतं म्हणे, मग आम्ही कशाला करायचं?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही केलंत तर तुमचंही आमच्याकडे येईल." त्यांना ते पटलं की माझा कंटाळा आला माहीत नाही, पण प्लंबरचा नंबर घेतलाय. फक्त त्यांना पाईप घराच्या रंगाचा हवाय, पांढरा नको, समोरून दिसतो म्हणे. प्लंबर म्हणतो रंग मारून देईन पण त्याचे पैसे वेगळे, आणि त्यावर सध्या बोलणी अडकलीयत.